गारमाळावरचे अस्वल

भिजलेल्या कापडाचा वास आला की माझे पाय अजून थांबतात. आमच्या घाटंजीत बाजाराच्या आदल्या संध्याकाळीच लांबलांबचे दुकानदार येऊन आपली कापडी पाले ठोकतात. हिवाळ्यातल्या सकाळी मी काठी टेकत फिरायला निघतो, तेव्हा ती पाले दव पिऊन जड झालेली असतात. कोवळे ऊन त्यांच्या पाठीवर पडले की त्या जाड, मळकट कापडातून एक आंबूस, ऊबदार, किंचित धुरकट वाफ उठते. मिरच्यांचा, हळदीचा, नव्या चपलांचा वास अजून जागा व्हायचा असतो. तेवढ्या घटकेपुरता सारा बाजार त्या एकाच वासाचा असतो. मी उभा राहतो. पालवाल्याला वाटते, म्हाताऱ्याला काहीतरी घ्यायचे आहे. काय पायजे बाबा, असे तो विचारतो. काय सांगू त्याला? मी एका अस्वलाच्या शोधात उभा आहे असे म्हटले, तर तो बिचारा दुकान सोडून मला घरी पोचवायला निघेल!

तुम्हाला मात्र सांगतो. त्या अस्वलाची गोष्ट आमच्या भागातल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे आणि ती सगळी चुकीची ठाऊक आहे. ती खरी कशी घडली हे जाणणारा एकच माणूस होता, आणि तो इतकी वर्षे गप्प बसला.

त्या दिवसांत आमचा जिल्हा जुन्या मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला होता. शाळेच्या भिंतीवरचा नकाशा मात्र बदलायचा राहून गेला होता, आणि आमचे हेडमास्तर साहेब त्या जुन्याच नकाशावर छडी फिरवून नवे राज्य शिकवीत. साहेबांचा देह भरदार, मिशा झुपकेदार आणि आवाज असा की प्रार्थनेला घंटा वाजवायची गरज पडू नये. मोकळ्या हवेत राहणे, आपले अन्न आपण शिजवणे आणि उघड्या आकाशाखाली झोपणे, यांतून माणूस घडतो अशी त्यांची अढळ श्रद्धा होती. लढाईनंतर लिलावात निघालेली एक लष्करी राहुटी त्यांनी कुठूनशी मिळवली होती. तिच्यावर त्यांचे असे प्रेम की पावसाळाभर ती त्यांच्या बैठकीत, धान्याच्या पोत्यांहून मानाच्या जागी, घडी करून ठेवलेली असे. आता त्यांना हवी होती ती एक जागा, जिथे दर हिवाळ्यात शाळेतली मुले नेता येतील.

जागा सुचवली रामजीने. रामजी माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच आमच्या शाळेत मास्तर, गणित शिकवणारा आणि माझा जिवलग मित्र. त्याचा तांडा गारमाळाच्या पायथ्याशी. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरणारे लमाण. पुढे रस्ते झाले, मोटारी आल्या, बैलांच्या पाठी मोकळ्या झाल्या आणि तांडा शेतीला लागला. गारमाळावर त्या लादलेल्या बैलांचा मुक्काम पडत असे. तिथे पाणी आहे, सावली आहे आणि वारा अडवणारा उंचवटाही आहे, असे रामजीने मास्तरांच्या सभेत उभे राहून सांगितले. मुलांना आता मीठ वाहायला शिकवायचे काय, असे एका मास्तरांनी विचारले आणि हशा पिकला. साहेब हसले नाहीत. आधी आपण तिघे जाऊन राहून पाहू, जागा ठीक वाटली तर दरसाल मुले नेऊ, असे त्यांनी ठरवून टाकले. तिघे म्हणजे साहेब, रामजी आणि मी.

हिमालय पाहून आलेल्यांनी गारमाळाच्या उंचीला हसू नये. आमच्या कापसाच्या मुलखात, जो चढ चढताना बैल दम खायला थांबतो तो डोंगरच. सागाच्या रानातून वर जाणारी ती वाट पौष महिन्यात इतकी देखणी दिसते! सागाची पाने पिवळी पडून गळायला लागलेली, धावड्यांच्या सालीवर ऊन घसरत असलेले, आणि वाटेच्या दोन्ही अंगांना कमरेइतके वाळले गवत वाऱ्याबरोबर वाकून पुन्हा उठत असलेले. रामजीच्या बापाने आमचे सामान बैलांवर लादले होते. त्या बैलांना, का कोण जाणे, वाट सांगावी लागली नाही. आपल्या आज्यांच्या खुरांची वाट जनावरांना रक्तातून कळते की काय?

निघण्यापूर्वी तांड्यावर रामजीच्या आईने आम्हाला थांबवले होते. तिला तो याडी म्हणे, म्हणून आम्हीही तिला याडीच म्हणत होतो. हातभर बांगड्या, कपाळावर गोंदण आणि बोलण्यात अशी जरब की साहेबांसारखा माणूसही तिच्यासमोर हळू आवाजात बोलला. तिने ज्वारीचे पीठ दिले, तीळ दिले आणि फडक्यात गुंडाळलेली गुळाची मोठी ढेप रामजीच्या हाती ठेवली.

"झाडाले उंच टांगजो," ती त्याला म्हणाली. "खाली ठेवशीन तं मुंग्या खातीन, नाई तं अस्वल येईन. अन् लोकं म्हनतीन, याडीनं पोराले काई शिकवलं नाई."

रामजी लाजून हसला. चढावर मात्र, साहेब पुढे निघून गेल्यावर, तो मला मनातले बोलला. "वामन, पोरं दरसाल वर आली ना, तं आमच्या तांड्याची पोरं त्यांच्यासंगं खेळतीन. मंग त्यांले शाळा परकी वाटनार नाई." त्याच्या तांड्यातून शाळेची पायरी चढलेला तोवर तो एकटाच होता. गारमाळ साहेबांना पसंत पडावा, एवढीच त्याची इच्छा होती. पण ती इच्छा किती मोठी होती, हे माझ्या तेव्हा ध्यानात आले नाही.

आणि गारमाळ साहेबांना पसंत पडला! का पडू नये? वर पोचलो तेव्हा ऊन कलले होते आणि वाऱ्यात गवताचा गोडसर वास होता. उंचवट्याच्या आडोशाला, एका धावड्याच्या झाडाजवळ आम्ही राहुटी उभी केली. मधला खांब साहेबांनी स्वतः धरला, आणि राहुटी फुगून उभी राहिली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आले, ते मी पुढे त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिले नाही. सोयी म्हणाल तर काही नव्हत्या. पाणी खालच्या नाल्यात रेती उकरून झिऱ्यातून वाटीवाटीने भरायचे. चूल म्हणजे तीन दगड. उशी म्हणजे आपलाच हात. पण शेणाच्या गोवऱ्यांवर रोडगे भाजून, वांग्याच्या भाजीत बुडवून, पळसाच्या पानावर खाताना साहेबांनी डोळे मिटले आणि म्हणाले, की सरकारने सगळ्या शाळा अशाच बांधाव्यात. मी हळूच विचारले, की यात बांधायचे काय आहे? साहेब इतके हसले की त्यांना रोडग्याचा ठसका लागला.

एका कापडाच्या आड झोपण्यात काय सुख असते, ते पक्क्या घरात राहणाऱ्याला कसे कळावे? भिंत बाहेरचे जग तोडून टाकते. कापड तसे करत नाही. वारा आला की ते श्वास घेते, पाखरू बसले की त्याची सावली तुमच्या अंगावर चालते, आणि उजाडताना आधी कापड उजळते, मग आपण. घरात माणूस राहतो. राहुटीत तो फक्त उतरतो. आणि उतरलेल्या माणसाच्या मनात एक हलकेपणा असतो, जो घर बांधलेल्याला पुन्हा मिळत नाही. रामजीच्या वाडवडिलांनी तो हलकेपणा पिढ्यान्‌पिढ्या उपभोगला होता. मी जेमतेम दोन दिवस उपभोगला आणि मग आपल्याच हाताने तो पाडला.

कसा, ते आता सांगतो.

राहुटीला चारी बाजूंनी ताणून धरणारे जे दोर असतात, त्यांना तणावे म्हणतात. पहिल्या दिवशी मी झिऱ्यावर पाणी भरत होतो, तेव्हा साहेबांनी रामजीला एक काम नेमून दिले होते: दिवस मावळताना सगळे तणावे थोडे ढिले करायचे. सुताचे दोर दव पिऊन आखडतात, आधीच ताठ असले तर मेखा उपटून काढतात. हे सांगितले तेव्हा मी तिथे नव्हतो. मला दिसले ते इतकेच, की रामजी संध्याकाळी राहुटीभोवती फिरून चांगले बांधलेले दोर सैल करतो आहे. मी मनात म्हटले, हा ढिलेपणा या लोकांच्या अंगातच! होय, असेच म्हटले. जिवलग मित्राविषयी म्हटले. ते आज लिहिताना कान गरम होतात.

माझे घर कापसाचे. दिवाळीनंतर आमच्या अंगणातून कापसाच्या बैलबंड्या भरून यवतमाळच्या बाजाराला निघत. बंडीत कापूस तुडवून तुडवून भरायचा, वरून गोणपाट घालायचे आणि दोर टाकून त्यात दांडके अडकवायचे. मग दांडके फिरवून दोराला असा पीळ द्यायचा की बोटाने टिचकी मारली तर तो वाजला पाहिजे. बंडी संध्याकाळी निघे. वाटेत कापूस दबतो, दोर सैल पडतो आणि अर्धा माल रस्त्याकडेच्या बाभळींना लागतो. म्हणून निघण्याआधी दोर आवळणारा माणूस आमच्याकडे कर्तबगार समजला जाई. वडील मला शाबासकी देत ती फक्त या एका कामाची. संध्याकाळ आणि दोर असे दोन शब्द एकत्र आले, की आवळायचे, एवढेच माझ्या हातांना ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी रामजीला मुक्कामाला तांड्यावर जायचे होते. सकाळी दूध घेऊन येतो, असे म्हणून तो निघाला. निघण्यापूर्वी त्याने नेमून दिल्याप्रमाणे तणावे ढिले केले आणि गुळाचे गाठोडे धावड्याच्या फांदीला उंचावर बांधले. मी ते पाहिले. दोन गाठी मारताना पाहिले. तो उतारावरून दिसेनासा झाला, साहेब संध्येला बसले, आणि मी माझी कर्तबगारी दाखवायला उठलो. चुलीजवळची दांडकी घेतली आणि एकेका तणाव्यात अडकवून पीळ देत सुटलो. एका बाजूला जमीन मुरमाड होती, तिथे मेख धरेना. तो दोर मी धावड्याच्या त्याच, गूळ टांगलेल्या फांदीला बांधला आणि त्यालाही पीळ दिला. फांदी वाकली. टिचकी मारली तर सगळे तणावे वाजले! तणावे रामजीने ढिले केलेच आहेत अशा समजुतीत साहेबांनी संध्या आटोपून अंधुक उजेडात राहुटीकडे पाहिले आणि म्हणाले, आज कशी नव्या नवरीसारखी ताठ दिसते आहे. मी कृतकृत्य झालो.

गारमाळावर पौषातले दव म्हणजे पाऊसच. ते दोरांनी पोटभर प्यायले. झुंजूमुंजू होत असताना आधी एक मेख फटकन उडाली, मग दुसरी, मग धावड्याची फांदी कडाडली, आणि त्या थंडगार, ओल्या, जड कापडाने आम्हा दोघांना मिठीत घेतले. त्याच क्षणी तो वास माझ्या नाकात शिरला, तो आजतागायत निघालेला नाही. मी काळी घोंगडी पांघरून झोपलो होतो. ती तशीच डोक्यावरून घेऊन, चारी पायांवर, मी बाहेर पडायची वाट शोधू लागलो. वाट साहेबांच्या पोटावरून गेली.

"अस्वल! वामनराव, अस्वल!" साहेब ओरडले. मी साहेब म्हणून हाक मारायला गेलो, पण तोंडात घोंगडीची लोकर गेली आणि जो आवाज निघाला तो माणसाचा नव्हता, हे मला मान्य केले पाहिजे. साहेबांच्या हाताला पितळी तांब्या लागला. तो त्यांनी अस्वलाच्या कपाळावर अशा ताकदीने हाणला, की अस्वल जागच्या जागी लोळले आणि साहेब राहुटीच्या दुसऱ्या बाजूने बनियनवर बाहेर पडून उंचवट्यावर चढले.

मी घोंगडी टाकून बाहेर आलो, तेव्हा त्यांनी वरूनच विचारले, की अस्वल गेले का? आणि मी म्हणालो, गेले.

एवढाच शब्द. मित्रहो, माणूस ठरवून खोटे बोलतो असे आपण समजतो. तसे नेहमी कुठे असते? कोणीतरी आपल्या हातात एक तयार गोष्ट ठेवते, आणि आपण ती खाली ठेवायची विसरतो. साहेबांचा चेहरा त्या पहाटे केवढा फुलला होता! आयुष्यभर मुलांना धाडसाचे धडे दिलेला तो माणूस प्रथमच खऱ्या धाडसातून पार पडला होता. अस्वलाला आपण तांब्याने पळवले, हे ते मला सांगत होते आणि सांगता सांगता तरुण होत होते. ते अस्वल मी होतो हे कोणत्या तोंडाने सांगायचे? कपाळावर खोक पडून टेंगूळ आले होते, ते खांब लागून आले असे म्हणालो. मग साहेब तोंड धुवायला झिऱ्याकडे उतरले, तेव्हा मी फांदीचा दोर सोडला, तणाव्यांतली दांडकी भराभर काढली आणि चुलीत घातली. त्याच दांडक्यांवर कोरा चहा झाला. साहेब म्हणाले, असा चहा जन्मात प्यायलो नाही.

इथवरची गोष्ट हसण्यावारी जाण्यासारखी आहे. तेवढ्यात रामजी दूध घेऊन आला.

धावड्याची फांदी मोडून लोंबत होती आणि गुळाचे गाठोडे खाली फुटून पडले होते. ढेपेचे तुकडे विखुरले होते, त्यांवर मुंग्यांची रांग लागली होती. साहेबांनी ते पाहिले आणि त्यांना सगळा उलगडा झाला. गूळ खाली ठेवला म्हणून अस्वल आले आणि त्याच्या धडकेने फांदीही मोडली, असे ते म्हणाले. रागावून नव्हे, साहेबांचा स्वभाव रागाचा नव्हता. पण मुलांना इथे आणणे शहाणपणाचे नाही, असेही ते म्हणाले आणि विषय संपला.

"मी बांधला होता, साहेब," रामजी म्हणाला. त्याने माझ्याकडे पाहिले. आदल्या संध्याकाळी गाठ मारताना मी शेजारी उभा होतो, हे त्याला आठवत होते. मी चुलीतले लाकूड पुढे सारत राहिलो.

मुलांचे शिबिर पुढे दर हिवाळ्यात गावालगतच्या आमराईत, सडकेच्या कडेला भरू लागले. तिथे अस्वल येणार नव्हते. तांड्याची पोरेही येणार नव्हती. शाळेत रामजीला गूळवाले मास्तर असे नाव पडले. तो हसून ऐकून घेई, पण मास्तरांच्या सभेत तो पुन्हा काही सुचवायला उभा राहिला नाही. आणि याडीने तर कहर केला. रामजी कुठेही बाहेर निघाला, बाजाराला निघाला, मुलगी पाहायला निघाला, तरी ती उंबऱ्यातून विचारी, की गूळ बांधला का? सगळा तांडा हसे. त्याची उमरखेडकडे बदली झाली तेव्हाही, बंडीत सामान भरताना, तिने तेच विचारले. तो म्हणे, याडी, मी बांधला होता. ती म्हणे, हो, बांधला होता, म्हणूनच अस्वलाने सोडला!

अस्वल मात्र वर्षागणिक वाढत गेले. आधी ते बाजेएवढे होते, मग म्हशीएवढे झाले. साहेबांच्या निरोप समारंभात त्याला नखे आली, आणि ती नखे, सांगायला लाज वाटते, मीच दिली. साहेबांनी साक्षीदार म्हणून माझे नाव घेतले, टाळ्या पडल्या आणि मी उठून नखांचे वर्णन केले. साहेब गेले ते त्या अस्वलासकट गेले. त्याचे मला दुःख नाही. त्यांच्यापाशी ते सुखात होते. पण याडीही गेली, आणि जाताना आपला मुलगा धांदरट आहे असे समजून गेली. ते मात्र माझ्या छातीवर, दव प्यालेल्या कापडासारखे, पडून राहिले.

गेल्या हिवाळ्यात मी उमरखेडजवळच्या ढाणकीला गेलो. रामजी निवृत्तीनंतर तिथेच मुलाकडे राहतो. तो अंगणात उन्हात बसून तूर पाखडत होता. मी बसलो आणि सगळे सांगितले: दांडकी, पीळ, फांदी, घोंगडी. तो मान खाली घालून ऐकत होता. सूप थांबले होते.

"म्हंजे गूळ मी बांधला होता," तो म्हणाला.

"दोन गाठी मारल्या होत्या तू. मी पाह्यलं होतं."

त्याने बोटांनी हवेत गाठ मारून पाहिली. एक, मग दुसरी. "वामन, मले नं मंग वाटाले लागलं होतं, का मी खरंच भुललो असन. इतके लोकं म्हनतेत तं." मग माझ्याकडे न पाहता त्याने विचारले, "याडी होती तेव्हा काऊन नाई सांगितलं?"

मी सुपाबाहेर सांडलेले दाणे वेचू लागलो. एक कोंबडी येऊन सुपातली तूर टिपू लागली, तिला कोणी हाकलले नाही. मग रामजीची मान एकाएकी वर आली.

"म्हंजे साहेबानं तांब्या हाणला, तो तुले?"

मी टोपी काढून कपाळावरचा वण दाखवला. त्याने त्यावर बोट ठेवले, नीट दाबून पाहिले, आणि त्याला जे हसू फुटले ते आवरेना. खोकला आला, डोळ्यांत पाणी आले, सून धावत बाहेर आली, तरी तो हसतच होता. "बरं झालं," तो म्हणाला. "अजून एक हाणाले पायजे होता."

क्षमेचे असे काही शब्द असतात का? मला तरी तेवढे पुरले. आणि तूर बाजूला सारून तो म्हणाला, चाल, गारमाळावर जाऊ.

आता वरपर्यंत जीप जाते. माझ्या नातवाने आपला नायलॉनचा तंबू आणला होता. पिशवीतून काढला आणि छत्रीसारखा उघडला. खालच्या तांड्यावरून पुष्कळ मंडळी पाहायला वर आली. रामजीने सगळ्यांसमोर माझा हात धरून उंच केला आणि आपल्या बोलीत काहीतरी जाहीर केले. त्यातला अस्वलाचा भाग मला कळला, कारण तांड्याची पोरे माझ्याभोवती गोळा झाली आणि एका चिमुरडीने माझे कपाळ पाहायचा हट्ट धरला. संध्याकाळभर ती पोरे नातवाबरोबर गवतात दडून अस्वल अस्वल खेळत होती. मी त्यांच्याकडे पाहत होतो आणि रामजी माझ्याकडे पाहत नव्हता, हा त्याचा चांगुलपणा.

दिवस मावळायला आला तेव्हा मी उठलो आणि तंबूचे दोर एकेक करून ढिले केले. आजोबा, हे नायलॉन आहे, दवाने आखडत नाही, असे नातू म्हणाला. मी म्हटले, असू दे. रामजीने तोवर सोबत आणलेली गुळाची ढेप एका जुन्या पालाच्या तुकड्यात गुंडाळली होती. धावड्याचे ते झाड अजून आहे. मोडलेल्या जागेच्या जरा वर नवी फांदी फुटून ती आता मांडीइतकी जाड झाली आहे. रामजीने कोणाला हात लावू दिला नाही. टाचा उंचावून त्याने ते गाठोडे स्वतः बांधले.

सकाळी मी बाहेर आलो, तेव्हा तो माझ्याआधी उठून झाडाखाली उभा होता. सगळा गारमाळ दवाने पांढरा झाला होता. नायलॉनला कसलाच वास नव्हता. पण वर फांदीवर पालाचा तो तुकडा भिजून जड झाला होता आणि पहिले ऊन त्यावर पडताच त्यातून तोच जुना, आंबूस, ऊबदार वास खाली उतरला; या वेळी त्यात गुळाचा गोडवा मिसळला होता. गाठोडे होते तिथेच होते. रामजी मान वर करून ते पाहत राहिला, आणि मग जणू कोणी उंबऱ्यातून विचारले असावे तसा, हळूच म्हणाला,

"बांधला हाय, याडी."